नाडी दाखवा, मॅडम

समोर 16 इंच उंचीचं लाकडी बाकडं होतं आणि कोपऱ्यात ठेवलेला मोबाइल टक-टक करत होता, मिनिटाला 120 वेळा. पहिल्या ठोक्याला उजवा पाय वर, दुसऱ्याला डावा वर, तिसऱ्याला उजवा खाली, चौथ्याला डावा खाली. म्हणजे मिनिटाला 30 चढउतार, आणि ते पाच मिनिटं करायचे. दुसऱ्या मिनिटापर्यंत मी सरांशी गप्पा मारत होते. तिसऱ्या मिनिटाला गप्पा आपोआप थांबल्या. 3 मिनिटं 10 सेकंदांनी माझा पाय बाकाच्या कडेला अडखळला. सरांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "बसा. बोलू नका. नाडी मोजायचीय."

मी गणित शिकवते. वय 46. शाळेतले पीटीचे शिक्षक लांबच्या रजेवर गेले, त्यांचे तास वाटले गेले आणि आठवीचे आठवड्याचे तीन तास माझ्या वाट्याला आले. त्यात मैदानाबरोबर मानवी हालचाल आणि शारीरिक सुदृढता यांचा लेखी भागही होता. लहानपणी पीटीच्या तासाला "डोकं दुखतंय" सांगून वर्गात बसून राहणाऱ्यांतली मी! पण गेली सहा वर्षं रोज पाच किलोमीटर चालत होते, त्यामुळे तब्येतीबद्दल थोडी फुशारकीच होती. ओळखीच्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांकडे गेले, ते फक्त धडा समजून घ्यायला. ते म्हणाले, "धडा नंतर. आधी तुमची चाचणी. स्वतःचा आकडा माहीत नसताना मुलांना काय सांगणार?" डॉक्टरांकडून रक्तदाब वगैरे तपासून आणायला लावलं आणि मग हे बाकडं पुढे केलं.

चाचणीचं नाव हार्वर्ड स्टेप टेस्ट. ल्युसियन ब्रुहा यांनी ती 1943 मध्ये मांडली तेव्हा तरुण पुरुष डोळ्यांसमोर होते आणि बाकडं 20 इंचांचं होतं. माझ्यासाठी सरांनी ते खाली आणलं होतं. तिची गंमत अशी, की तुम्ही चढताना किती धापा टाकता याकडे ती बघतच नाही. थांबल्यावर हृदय किती लवकर शांत होतं, ते बघते. थांबून एक मिनिट झालं की पुढची 30 सेकंदं ठोके मोजायचे, दोन मिनिटांनी पुन्हा 30 सेकंदं, तीन मिनिटांनी पुन्हा. माझे आले 68, 60 आणि 54. बेरीज 182. चढउतार केलेले सेकंद गुणिले 100, भागिले त्या बेरजेची दुप्पट. 19,000 भागिले 364, म्हणजे 52. तक्त्यात 55 च्या खाली एकच शेरा होता : कमकुवत.

"पण मी रोज पाच किलोमीटर चालते," मी म्हणाले. हे वाक्य त्या दिवशी मी बहुधा तिसऱ्यांदा म्हणत होते.

"चालता ना. मग उद्या चालताना नाडी मोजून आणा. अंगठ्यानं मोजू नका, त्याला स्वतःचा ठोका असतो. दोन बोटं मनगटावर. थांबल्या थांबल्या 15 सेकंदं मोजायचे, गुणिले चार. उशीर केलात तर आकडा खाली घसरलेला असेल."

दुसऱ्या दिवशी मोजली. 15 सेकंदांत 26. मिनिटाला 104. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मोजली होती ती 78. सरांनी कागद पुढे सरकवला आणि मला माझ्याच विषयाचं गणित घातलं. 220 मधून वय वजा केलं की हृदयाच्या कमाल गतीचा ढोबळ अंदाज मिळतो : 174. (ढोबळ म्हणजे खरंच ढोबळ, एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.) 174 वजा 78, म्हणजे 96 ठोके हातात शिल्लक. फिनलंडच्या मार्टी कार्वोनेन यांच्या 1957 च्या संशोधनातून आलेली रीत अशी, की व्यायामाचा जोर या शिल्लकीच्या टक्क्यांत मोजायचा. चालताना मी 78 वरून 104 वर जात होते. 26 भागिले 96. सत्तावीस टक्के. मध्यम व्यायाम साधारण 40 टक्क्यांपासून धरतात.

मी बराच वेळ त्या 27 कडे बघत बसले. सहा वर्षं, तोच रस्ता, तीच मैत्रीण, त्याच गप्पा, तोच वेग. पहिल्या दोन-तीन महिन्यांत शरीर त्याला सरावलं असणार आणि त्यानंतर त्याला बदलायचं काही कारणच उरलं नव्हतं. पुस्तकात याला 'अधिभाराचं तत्त्व' म्हणतात : नेहमीपेक्षा थोडं जास्त मागितलं तरच शरीर वाढीव तयारी करतं. हे वाक्य मी आधी वाचलं होतं, त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघही मारली होती. चालणं वाया गेलं असं सर म्हणाले नाहीत. न चालणाऱ्या माणसापेक्षा मी बरीच बरी होते, असं त्यांचं मत. पण दमदारपणा वाढवायला ते पुरत नव्हतं.

पुढचे काही आठवडे मी शनिवारी सरांकडे शिकायची आणि सोमवारी तेच मुलांपुढे मांडायची. काही गोष्टी मला मुलांच्या आधी फक्त दोन दिवस कळलेल्या असायच्या.

पहिला प्रयोग भिंतीचा. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून उभं राहायचं आणि गुडघे न वाकवता पायाची बोटं धरायला वाकायचं. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा पुढे आला, वाकला आणि सरळ पुढे कोसळला. सगळे हसले, मग सगळे कोसळले. कारण एरवी वाकताना आपण नकळत कंबर मागे नेतो. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या पातळीला, शरीराच्या आत असतो, आणि तिथून खाली सोडलेली काल्पनिक दोरी तळपायांनी व्यापलेल्या जागेतच पडली पाहिजे. भिंत कंबरेला मागे जाऊ देत नाही, दोरी बोटांच्या पुढे जाते आणि माणूस पडतो. ताकदीचा इथे काही संबंध नाही. खुर्चीत ताठ बसून, पाय पुढे ठेवून, धड अजिबात न झुकवता उठायला सांगितलं तेव्हाही हेच. एकही मूल उठू शकलं नाही. मीसुद्धा नाही.

मग प्रतलं, म्हणजे शरीराचे भाग करणारे काल्पनिक सपाट पृष्ठभाग. इथे मात्र मी घरच्या मैदानावर होते. 'हात वर करा' अशी सूचना पीटीत शंभरदा देतात. मी दिली. निम्म्या मुलांनी हात पुढून वर नेले, निम्म्यांनी बाजूने. दोघंही बरोबर! पण हालचाली दोन, प्रतलं दोन, काम करणारे स्नायूही बरेचसे वेगळे. शरीराचे डावा-उजवा असे भाग करणाऱ्या प्रतलात आपण पुढे-मागे हलतो : चालणं, पळणं, वाकणं. पुढचा-मागचा असे भाग करणाऱ्या प्रतलात बाजूला हलतो. आणि वरचा-खालचा असे भाग करणाऱ्या प्रतलात वळतो, पीळ घेतो. प्रत्येक हालचालीचा अक्ष तिच्या प्रतलाला काटकोनात. फळ्यावर हे काढताना मला जो आनंद झाला तो मुलांना झालेला दिसला नाही. तेव्हा मग सांध्यांकडे वळले. खांद्याचा सांधा उखळीचा, तो तिन्ही प्रतलांत फिरतो. कोपराचा बिजागरीचा, दारासारखा एकाच प्रतलात उघडतो-मिटतो. "गुडघा बाजूला का वळत नाही?" असं विचारण्यापेक्षा "दार वर का उघडत नाही?" असं विचारलं की आठवीच्या मुलांना लगेच कळतं.

त्याच रात्री लक्षात आलं, की सहा वर्षं मी फक्त एकाच प्रतलात जगत होते. खात्री करायला एक पाय लांब बाजूला टाकून त्या गुडघ्यात वाकून पाहिलं. अर्ध्यात गेले आणि टेबलाला धरून परत आले.

सर्वांत मोठा धक्का मात्र चेंडूनं दिला. चेंडू लांब फेकायचा होता. माझी फेक 9 मीटर गेली आणि मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा पाय चुकला." माझा उजवा हात आणि उजवाच पाय पुढे होता. नवशिक्यांची ही ठरलेली चूक, लहान मुलं फेकायला शिकताना अशीच फेकतात आणि पुढे सरावानं सुधारतात. मी त्या टप्प्यावरच थांबले होते, कारण त्या वयात मी वर्गात डोकं धरून बसले होते. डावा पाय पुढे टाकला, शरीराची डावी बाजू लक्ष्याकडे केली आणि फेकलं : साडेतेरा मीटर. हात तोच, चेंडू तोच, मध्ये दहा मिनिटं.

सरांनी शनिवारी उलगडून सांगितलं. फेक हातानं होत नाही, ती जमिनीपासून सुरू होते. पाय जमिनीला रेटतो, जमीन उलट रेटते, मग कंबर वळते, तिच्यामागून धड, मग खांदा, कोपर, शेवटी मनगट. प्रत्येक भाग आधीच्यानं कमावलेला वेग उचलतो आणि पुढच्याला देतो. त्याच बाजूचा पाय पुढे असला की कंबर आधीच वळून बसलेली असते. साखळीची पहिली कडीच निसटते आणि एकटा हात राबतो. हातानंही तरफेचंच काम करायचं. कोपरापासून 5 सेंटिमीटरवर दंडाचा स्नायू जोडलेला आणि 35 सेंटिमीटरवर तळहातात 5 किलोचं वजन असं धरलं, तर हाताचं स्वतःचं वजन सोडूनही स्नायूला 35 किलोइतकी ओढ लावावी लागते. एवढा तोट्याचा व्यवहार शरीर का करतं? कारण स्नायू 1 सेंटिमीटर आखडला की तळहात 7 सेंटिमीटर सरकतो. ताकद देऊन वेग आणि पल्ला विकत घेतलेला आहे. हे गणित वर्गात केलं त्या दिवशी पहिल्यांदा कुणी तास संपल्यावरही प्रश्न विचारत थांबलं.

इथपर्यंत आल्यावर माझ्या डोक्यातला 'फिटनेस' हा एकसंध शब्द मोडायला लागला होता. पुस्तकात त्याचे दोन गट असतात. आरोग्याशी निगडित : हृदय-श्वसनाचा दमदारपणा, स्नायूंची ताकद, स्नायूंचा दमदारपणा, लवचिकता, शरीरातलं चरबीचं प्रमाण. कौशल्याशी निगडित : वेग, चपळता, तोल, समन्वय, स्फोटक ताकद, प्रतिक्रियेचा वेळ. मुलं ही यादी पाठ करून मोकळी होतात, मीही केली असती. पण माझ्या वहीत आता प्रत्येकापुढे माझा आकडा होता आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा मेळ नव्हता. पट्टी सोडून पकडण्याच्या चाचणीत मी 24 सेंटिमीटरवर पकडली, म्हणजे 0.22 सेकंद, माझ्या वयाला वाईट नाही. एका मुलानं 15 वर पकडली, 0.17. (तो माझ्या बोटांच्या हालचालीवरून अंदाज बांधत होता, हे नंतर कळलं. पट्टी सोडणाऱ्यानं थांबण्याचा वेळ दर खेपेला बदलला पाहिजे.) एका पायावर डोळे उघडे ठेवून 40 सेकंद उभी राहिले, डोळे मिटून 6. तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांतून येणारी खबर असे तिघं असतात. एकाला सुट्टी दिली की उरलेले दोघं किती कामाचे ते लगेच उघडं पडतं.

सरांनी एकदा क्राउस-वेबर चाचणीही घेतली. पोट, पाठ, पाय यांच्या सहा सोप्या हालचाली, एकीत जरी अडकलात तरी नापास. पाच झाल्या. सहावीत गुडघे ताठ ठेवून बोटांनी जमीन टेकवायची होती आणि माझी बोटं वरच थांबली. नापास. तेव्हा सरांनी सांगितलं, की 1954 मध्ये याच चाचणीत अमेरिकेतली निम्म्याहून जास्त मुलं नापास झाली आणि युरोपातली दहा टक्क्यांहूनही कमी, म्हणून अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. प्रकरण अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापर्यंत गेलं आणि 1956 मध्ये तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी अध्यक्षीय परिषद नेमली गेली. पण अपयश मुख्यतः कुठे होतं? लवचिकतेत. अख्ख्या देशाच्या मुलांवर जो शिक्का बसला त्यात मोठा वाटा वाकून जमीन न टेकण्याचा होता. मला त्या मुलांबद्दल फार जवळीक वाटली.

मग प्रत्यक्ष तयारी सुरू झाली. आठवड्यातले चार दिवस 30 मिनिटं, तीन मिनिटं जोरात आणि दोन मिनिटं सावकाश. जोराच्या वेळी नाडी 136 ते 145, म्हणजे शिल्लकीच्या 60 ते 70 टक्के. घड्याळ नसेल तर सरांची सोपी खूण होती : बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. मैत्रिणीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग तू पुढे हो, मी आपली गाते."

दोन दिवस ताकदीचे. जोर काढायला आधी भिंतीवर, मग टेबलाच्या कडेवर, मग जमिनीवर गुडघे टेकवून. शिवाय त्याच 16 इंची बाकावरून अगदी सावकाश खाली उतरणं. या उतरण्यानं माझा घात केला. त्या दिवशी काहीच वाटलं नाही, दुसऱ्या दिवशी मांड्या दुखू लागल्या आणि तिसऱ्या दिवशी मी जिना उलटी उतरत होते. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचं एकमत झालं, "लॅक्टिक अॅसिड साठलंय." मी मान डोलावली आणि शनिवारी सरांची बोलणी खाल्ली. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट (त्याच अॅसिडचं शरीरातलं रूप) साधारण तासाभरात निवळतं. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. स्नायू लांबत असताना भार पेलतो, म्हणजे उतरताना, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तिच्या दुरुस्तीच्या काळात 24 ते 72 तास हे दुखणं टिकतं. दहा दिवसांनी तेवढंच उतरले तर निम्मंसुद्धा दुखलं नाही. शरीर एका खेपेत शिकतं, हे मला त्या सगळ्यात जास्त आश्चर्याचं वाटलं.

शिकण्याचे वेग मात्र सगळीकडे सारखे नव्हते आणि याची नोंद कुणी करून दिली नव्हती, ती मीच वहीत केली. फेक दहा मिनिटांत सुधारली, कारण तो समन्वयाचा प्रश्न होता. डोळे मिटून तोल दोन आठवड्यांत 6 वरून 17 सेकंदांवर गेला. गुडघे टेकवून जोर 4 होते ते तीन आठवड्यांत 8 झाले आणि दंडांचा घेर तर तेवढाच होता. सुरुवातीची वाढ स्नायूंच्या आकाराची नसते. असलेल्या तंतूंना एका वेळी कामाला लावायला मज्जासंस्था शिकते. पुढचे 5 जोर वाढायला मात्र नऊ आठवडे लागले. दमदारपणा सगळ्यात सावकाश. चौथ्या आठवड्यात त्याच वेगाला नाडी 126 दाखवायला लागली तेव्हा मी खूश झाले, सर म्हणाले, "म्हणजे आता वेग वाढवा. सहा वर्षं हेच केलं नाहीत तुम्ही."

बाराव्या आठवड्यात पुन्हा बाकडं. या वेळी आठवीचा वर्ग बघायला हजर होता आणि ठोके मोजायला दोन मुली माझ्या दोन मनगटांवर. चार मिनिटांनी थांबले. ठोके 64, 56, 50. बेरीज 170. निर्देशांक एका मुलानं फळ्यावर काढला आणि भागाकारात चुकला. मी धापा टाकत तो दुरुस्त केला. 70.6. 'वरची सरासरी' या रकान्यात. सकाळची नाडी 78 वरून 70 वर आली होती.

वाकून जमीन टेकणं अजूनही नाही. बसून पाय पसरून पुढे हात नेण्याच्या चाचणीत बोटं आधी पावलांच्या 6 सेंटिमीटर अलीकडे थांबायची, आता 4. एक कारण सरळ आहे, ताणाचे व्यायाम मी सगळ्यात जास्त बुडवले. जोरकस चालण्यानं मांडीमागचे स्नायू आपोआप लवचिक होतील अशी माझी काहीतरी समजूत होती. जे करता तेच सुधारतं, हा नियम पुस्तकात 'विशिष्टता' या नावानं आहे आणि परीक्षेत दोन गुणांना येतो. मुलांना तो लिहायला सांगितला तेव्हा एका मुलीनं उदाहरण म्हणून माझं नाव न घेता माझे आकडे दिले. पूर्ण गुण दिले.

नंतर तापानं तीन आठवडे गेले. बरी झाल्यावर बाकावर चढले तर 3 मिनिटं 20 सेकंदांत पाय अडखळला, जवळजवळ पहिल्याच जागी. डोळे मिटून तोल मात्र 15 सेकंद टिकला आणि फेकताना डावा पाय आपोआप पुढे गेला. ही वजाबाकीही वहीत लिहिली. आता पुन्हा 30 मिनिटं, पण नाडी 130 च्या वर जाऊ न देता, पहिले दोन आठवडे. पीटीचे शिक्षक रजेवरून परत आले आहेत. सरांचं बाकडं परत करायचं राहिलंय, ते सध्या माझ्या पलंगाखाली आहे.